चूकभूल द्यावी घ्यावी

एकतीस वर्षं पान दोनच्या खालच्या कोपऱ्यात
चार ओळींची जागा माझी होती.
वर शहराची बातमी,
खाली तिची माफी.

मंगळवारच्या अंकात, कागद गिरणीचं धुराडं
सकाळी दहाला पाडणार, असं छापलं होतं.
ते दहा चौदाला पडलं.
वर ससाण्यांची जोडी बसली होती,
ती उठेपर्यंत सुरुंगवाला हात खिशात घालून थांबला.
नदीपलीकडे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्यांची कॉफी निवली.
अर्विन क्लिंगबील यांनी कानातलं यंत्र आधीच काढून ठेवलं होतं.
चाळीस वर्षं तिथेच काम केलेला माणूस,
त्यानं ते पडताना फक्त पाहिलं.
धुरळा बसल्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
कुणी, ते आम्ही छापलं नाही.

त्याच गिरणीच्या कागदावर आमचा पेपर निघायचा.
संपाची बातमीसुद्धा तिनंच अंगावर घेतली.

कुजक्या कोबीसारखा वास यायचा गावभर.
पाहुणे नाक धरायचे,
आम्ही म्हणायचो, पगार येतोय.
वास उत्तरेकडून आला की दुपारी पाऊस ठरलेला,
दोरीवरचे कपडे धावत काढायचे.
आता हवा स्वच्छ आहे, असं नगरपालिकेचं पत्रक म्हणतं.
त्यात दुरुस्ती नाही.
माझ्या चादरी दोनदा भिजल्या, इतकंच.

झास्ट्रो बंधूंच्या बुटांच्या दुकानाला
आम्ही 'रिकामी इमारत' म्हटलं.
व्हर्ना झास्ट्रो यांचा फोन आला:
रिकामी नव्हती.
मागच्या खोलीत काचेत मांडायचे बूट होते,
एकशे बारा, सगळे डाव्या पायाचे.
तिथे आता डायलिसिस केंद्र आहे.
लोक चार-चार तास खुर्चीत आडवे पडतात,
पायातले काढून ठेवून.

आणि ती मोटार.
दर हिवाळ्यात इंजिन काढलेली एक जुनी मोटार
गोठलेल्या नदीवर नेऊन ठेवायची,
कोणत्या दिवशी, कोणत्या मिनिटाला बुडेल
यावर अख्ख्या गावानं डॉलर-डॉलर लावायचे.
यंदा बर्फ चार बोटंसुद्धा धरेना.
मोटार अग्निशमन दलाच्या आवारात उभी राहिली, टपावर झेंडा लावून.
'निकाल पुढच्या आठवड्यात'
असं मी सलग सहा आठवडे छापलं.
एप्रिलमध्ये तिच्यात एका मांजरीनं पिल्लं घातली.
ही चूक कोणत्या शब्दांत दुरुस्त करायची
मला अजून सुचलेलं नाही.

शेवटचा अंक शुक्रवारी निघाला.
मालक दुसऱ्या राज्यात असतात,
त्यांनी फोनवरून आभार मानले, गावाचं नाव चुकवून.
मी काही बोलले नाही. सवय मोडत होते.

पण पान पाचवर शनिवारच्या बाजाराचा फोटो होता.
हिरव्या छत्रीखाली, कांद्याच्या पातीमागे
उभ्या असलेल्या बाईंना आम्ही यांग म्हटलं.
त्या वांग.
नव्वद साली त्यांना पॉला केलं होतं,
दोन हजार आठच्या पुरात नुसतंच 'एक ह्मोंग महिला'.
आणि आता खाली कोपरा नाही,
पुढचा अंक नाही.

म्हणून आज मी पिशवी घेऊन गेले.
म्हटलं, पा हुआ वांग, चुकलं आमचं.
त्या हसल्या. म्हणाल्या, हुआ असं नाही,
आणि तो शब्द असा काही उचलून खाली ठेवला
की तो माझ्या कुठल्याच अक्षरात बसेना.
मी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं.
मागे रांग खोळंबली होती.
त्यांनी शेंगा तोलल्या, वर कोथिंबिरीची एक जुडी टाकली,
मी सुटे पैसे दिले,
त्यांनी न मोजता घेतले.