झेनॉनचा खोकला

वूच या शहराच्या नावाचा अर्थ आहे नाव.
म्हणजे होडी. वल्ह्यांची, काठाला बांधायची.
नदी मात्र गिरण्यांच्या काळातच
रस्त्याखाली नळात घातली.
खालून वाहते म्हणतात. मी ऐकलेली नाही.

मी बोगुमिवा. वय एकाहत्तर.
दर गुरुवारी पेन्शनरांच्या नाचाला गाणी लावते.
पूर्वी सीडींची पिशवी न्यायचे, आता लॅपटॉप.
खालच्या मजल्यावरच्या कायेताननं सॉफ्टवेअर टाकून दिलं
आणि म्हणाला, बाई, तुमच्या निम्म्या फायली
याला वाचताच येणार नाहीत.

निम्म्या म्हणजे दोनशे अकरा.
डब्ल्यूएमए.
औषधाच्या बाटलीवर शोभेल असलं नाव.
जावयानं दोन हजार चारमध्ये कॅसेटींवरून उतरवलेल्या,
जागा वाचावी म्हणून दाबून, चेपून,
बरणीत काकड्या बसवाव्यात तशा.

तर रूपांतर.
डावीकडे जुनी फाईल, उजवीकडे नवी,
मध्ये हिरवी पट्टी, गोगलगाईच्या चालीची.
चार एमबीचं गाणं चाळीसचं होऊन बाहेर पडतं.
मला वाटलं, आलं की परत सगळं:
क्लॅरिनेटची फुंकर, झांजेचं टोक.
कायेतान हसला.
ताकाचं दूध होत नसतं, बाई,
भांडं तेवढं मोठं झालं.

मी मोठ्या भांड्यातच ठेवलं तरी.
लहानातून पुन्हा लहानात ओतलं की सांडतंच थोडं,
एवढं मला कळतं,
वीस वर्षं सूत मोजलंय.

एकशे साठावी फाईल: गिरणीचा बँड,
एकोणऐंशी साल, कॅन्टीनमधला वॉल्ट्झ.
सॉफ्टवेअरनं नाडी पाहिली. म्हणालं, एकशे चौऱ्याहत्तर.
मग एकशे सोळा.
मग पुन्हा एकशे चौऱ्याहत्तर.
बिचाऱ्याला चारच मोजता येतात.
एक, दोन, तीन झालं की चौथ्याची वाट बघतं
आणि चौथा समजून पुढच्याच एकाला धरून नेतं.
लाल रेघ कधी ढोलावर,
कधी कुणाच्या श्वासावर.

आणि एका चौकटीत टिक होती, माझ्याआधीच कुणी केलेली:
सुरुवातीची शांतता कापा.

नवी फाईल लावली. काहीतरी कमी होतं, काय ते कळेना.
जुनी लावली.
फरफर. खुर्ची सरकल्याचा आवाज.
मग झेनॉनचा खोकला.
यंत्राच्या लेखी तीही शांतताच.

त्या गिरणीत सगळ्यांच्याच छातीत कापूस होता.
झेनॉन ड्रम वाजवायचा. आधी खोकायचा, मग मोजायचा,
आणि दोन्ही एकाच लयीत.
तो आमचा शून्याचा ठोका.
त्यावर पाय उचलायचा, एकवर टेकवायचा.
हे कुणी शिकवलं नव्हतं.

टिक काढली.
दोनशे अकरा पुन्हा पहिल्यापासून.
रात्रीचे दोन, हीटरवर मोजे वाळत,
पट्टी सरकते आहे, मी सरकत नाही.

सिंक लावा, कायेताननं बजावलं होतं,
गाणी आपोआप एकमेकांना जुळतील.
जुळलीही असती.
पण तिसऱ्या कडव्यात तो बँड दमतो,
क्लॅरिनेटवाला रात्रपाळी करून आलेला,
आणि सगळे त्याच्यासाठी हळू होतात.
तिथं यंत्रानं त्यांना हाकलत नेलं असतं.
इकडं चौतीस जोडपी,
त्यांत किती गुडघे स्टीलचे, मला पाठ आहेत.
सिंक बंद.

गुरुवारी पावणेसातला खोकला वाजला.
सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं, कुणाला झालाय.
कुणीतरी पाण्याची बाटलीसुद्धा पुढं केली.
खिडकीपाशी झेनॉनची गेनोवेफा बसली होती.
तिनं काठी खुर्चीला टेकवली
आणि पाय उचलला,
एक यायच्या आधीच.