पाच पिना

तालियामेंतोच्या पात्रात पाण्यापेक्षा गोटेच जास्त.
त्या पांढऱ्या गोट्यांवर त्यांचा सराव चालायचा,
आणि मक्यात वाकलेली माझी बहीण ओनोरिना
मान वर न करता सांगायची,
"आज आठच आहेत. कुणाला तरी सर्दी झालीय."
नुसत्या आवाजावरून. कधी चुकली नाही.
माझे सदरे तीच धुवायची. धुराच्या रंगाने
काखा हिरव्या झालेल्या असायच्या,
मग दिवसभर इटलीच्या हवाई दलाचा उद्धार.

मी सहा नंबरच्या विमानाचा मेकॅनिक.
शिडी लावायची, लोरिसला खुर्चीत बसवायचं,
खांद्यावरचे पट्टे आवळायचे.
तो म्हणायचा, "एर्मेस, जीव घेशील."
मी म्हणायचो, "उलटा लटकलास की आठवण काढशील."
मग खुर्चीखालचा स्फोट रोखून धरणाऱ्या
पाच पिना उपसायच्या, प्रत्येकीला लाल फीत,
त्याच्या डोळ्यांपुढे पत्त्यांसारख्या धरायच्या.
तो बोट फिरवून मोजायचा.
हेल्मेटवर एक टपली. शिडी बाजूला.
त्याच्या अंगाला लागलेला शेवटचा हात माझा:
तेव्हा हे मनातही यायचं नाही.
जेवणाची सुट्टी जवळ आलेली असायची.

ऑगस्टचा रविवार. समुद्रकाठ.
छत्र्या, कलिंगडाच्या फोडी, बापांच्या खांद्यांवर पोरं.
भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "आता पाहा, डावीकडून..."
सगळ्यांनी डावीकडे पाहिलं.
तो पुन्हा म्हणाला, "डावीकडून."
पाइनच्या बनामागे धूर उठला, काळा,
आमच्या डब्यांत नसलेला रंग.
काहींनी टाळ्या वाजवल्या. त्यांना दोष नाही,
आम्हीच त्यांना शिकवलं होतं
धूर दिसला की टाळ्या वाजवायला.

पिना माझ्या खिशात होत्या.

चौकशीत त्या टेबलावर मांडल्या. पाच. बरोबर.
अहवालात लिहिलं, दोन दशांश सेकंद उशीर.
पेपरांत आलं, त्याने मरता मरता
विमान गर्दीपासून वळवलं.
मी ते कधी खोडलं नाही. त्याच्या आईने
ते कात्रण काचेत घालून ठेवलं होतं.
पण तेवढ्या वेळात पापणीही पुरती मिटत नाही.

बनात तंबू होते.
ग्रात्सहून आलेली हेर्मिने
दोरीवर टॉवेल वाळत घालत होती.
दगडावर तिचं नाव अकरा वर्षांनी आलं,
लोरिसच्या खाली, जरा बारीक अक्षरात.

तिचा नवरा दर ऑगस्टला येतो.
त्याला इटालियन येत नाही, मला जर्मन.
एका वर्षी मी त्याला पिन दाखवली,
मला परत मिळालेली एकच,
आणि हाताची बोटं पसरली, अशा पाच होत्या.
तो पांढराफटक पडला. "पाच?"
त्याला वाटलं, पाच माणसं गेली,
आणि इतकी वर्षं कुणी त्याला सांगितलंच नाही.
मी दोन्ही हात हलवत राहिलो, नाही, नाही,
दोन. दोनच.
दोनच, असं म्हणालो मी. त्याला.
त्याने पिशवीतून आलुबुखार काढले,
आणि आम्ही बिया वाळूत थुंकत बसलो.

तेवढ्यात ते आले. आजचे. नवी पोरं, नवी विमानं.
अख्खा किनारा वर पाहू लागला.
मी पोरांकडे पाहिलं,
कानांवर हात, तोंडं उघडी, डोळे लखलखीत.
खोटं कशाला बोलू,
मलाही मग वर पाहावंच लागलं.
सुंदरच आहे ते. त्याचाच तर राग येतो.

ओनोरिनाला आता ऐकू येत नाही.
अंगणात बसून असते. खुर्चीचा हात थरथरला
की तिला कळतं, आणि ती ओरडून विचारते,
"किती आहेत?"
मला नऊ दिसतात. ओठांवर आलेलं असतं.
पण ते धावपट्टीवर उतरून,
शेवटचं इंजिन बंद होईपर्यंत
मी तिला आकडा सांगत नाही.