दार दक्षिणेला

ट्रकमधून सामान उतरलं आणि
पहिलं भांडण झालं ते दारावरून.
गल्ली उत्तरेला, फाटकही उत्तरेला,
आणि सासरे म्हणाले, गेरचं दार दक्षिणेलाच.
म्हणून आमच्याकडे येणारा प्रत्येक जण
आधी नमद्याची पाठ बघतो,
मग कोळशाच्या पोत्यांना वळसा घालून
आपला चेहरा घेऊन समोर येतो.

वॉर्ड कचेरीत काचेमागच्या मुलीनं विचारलं,
"स्थलांतरित?"
काय सांगू तिला.
वसंतात नदीकाठी, उन्हाळ्यात वर खिंडीपाशी,
मग पुन्हा खाली, आणि थंडीत कड्याच्या आडोशाला,
लग्नापासून वर्षातून चारदा बिऱ्हाड उचललं,
तेव्हा हा शब्द कुणी आमच्या अंगावर टाकला नव्हता.
आता एकदाच थांबलोय,
फळ्यांचं कुंपण ठोकून, त्यावर नंबर रंगवून,
तर म्हणे स्थलांतरित.
मी म्हटलं, लिही.

झुदाच्या हिवाळ्यात जनावरं किती गेली, तेही तिला हवं होतं.
आकडा सांगितला.
शेवटची सतरा सांगितली नाहीत.
ती विकली होती,
आणि विकलेल्यांना मेलेल्यांत धरायचं का
यासाठी तिच्या कागदावर रकाना नव्हता.

बाद्राल टायरच्या दुकानात लागलाय.
पूर्वी खूर बघून सांगायचा घोडा किती चाललाय,
आता टायर बघून सांगतो.
गिऱ्हाइकं थोडी घाबरतात त्याला.
एकाला म्हणाला, तू रात्री निघतोस आणि
डावीकडच्या कुणाला तरी चुकवत जातोस.
त्या माणसानं पैसे दिले, सुटे घेतलेच नाहीत.

पाणी टपरीवर विकत मिळतं.
एंगून ढकलगाडी घेऊन जाते, दोन कॅन,
येताना उतार, आणि उतारावर बर्फ.
म्हणते, भरली की ही गाडी शिंगरासारखी ओढते गं आई.
शिंगरू तिला आठवतंय
हे मला असं, पाण्याच्या हिशेबात कळलं.

पण सांगायचं होतं ते सासऱ्यांचं.
रोज पहाटे चहाचा पहिला वाटा
नऊ खळग्यांच्या लाकडी पळीनं
चारी दिशांना उडवतात.
तिकडे दिशा लांब होत्या.
इथे पूर्व म्हणजे पाच पावलांवरचं कुंपण,
आणि कुंपणापलीकडे ग्योंगोरची गाडी.
महिनाभर रोज तिच्या टपावर
दुधाचे थेंब पडून गोठत राहिले.

एके दिवशी तो बाहेर आला.
उंच, टोपी कानांवर, हातात बर्फ खरवडायची पट्टी.
मी चुलीवरचं सोडून धावले, माफी तोंडात तयार.
त्यानं एक थेंब नखानं उचकटला,
जिभेवर ठेवला, आणि सासऱ्यांना विचारलं,
"पाकिटातलं?"
सासरे जन्मात पहिल्यांदा खाली मान घालून म्हणाले,
"पाकिटातलं."
"देवांना कळत असेल?"
"कळत असेल. बोलत नाहीत."
मग दोघं बराच वेळ गाडीला टेकून उभे होते.
त्याची आई अकराव्या मजल्यावर असते, पलीकडच्या टॉवरमध्ये,
नळाला गरम पाणी, भिंतीत गरम पाइप,
खिडकी मात्र चार बोटंच उघडते.
ती त्या चार बोटांतून पळी बाहेर काढते
आणि खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात.

तेव्हापासून तो गाडी जरा पुढे लावतो.
रोज नाही. आठवेल तेव्हा.

बहीण फोनवर पत्ता विचारते.
पूर्वी मी म्हणायचे, दोन उंचवटे ओलांड, धूर दिसेल.
इथे सगळ्यांचाच धूर दिसतो.
म्हणते, टायरच्या दुकानावरून वर ये,
एका कानाचा कुत्रा भुंकेल,
हिरवं फाटक, त्याच्या आत पाठ दिसेल,
वळसा घाल.

तिला दुसरंच विचारायचं असतं, मला ठाऊक आहे.
गेर उचललं की खाली गोल पिवळं गवत उरायचं,
आणि पुढच्या खेपेला पोचलो की
आपला गोल लांबूनच ओळखू यायचा.
इथे जमिनीत विटांचा चुरा आहे, काचा आहेत,
आमच्या आधी कुणीतरी इथे बॅटऱ्या फोडल्यात.
खाली काय उरेल, माहीत नाही.
उचलायचं कधी, तेही.

काल सासऱ्यांनी दोर पुन्हा आवळले.
वारा नव्हता.