वजनात तूट

मांडवीच्या मागे, कीर्तिभाईंच्या पेढीवर
दुपारी तीनला गिऱ्हाईक नसतं.
तेव्हा ते गल्ल्याखालचा चामडी बटवा काढतात
आणि माझ्यापुढे एकेक पदक ठेवतात,
पत्ते खेळणाऱ्याच्या हाताने,
हुकूम शेवटी.

आजचा हुकूम: चांदी, अठराशे अठ्ठ्याऐंशी,
कुठल्याशा पुलाच्या उद्घाटनाचं.
पूल विश्वामित्रीने कधीच नेला,
कुठे नेला ते मगरींना ठाऊक.
मागे तीन कमानी, खाली पाण्याच्या चार रेघा,
पुढे कुणी साहेब,
गालमिश्या तेवढ्या शाबूत, नाक झिजून सपाट.
आणि त्याच्या भांगाच्या वर, अक्षरांच्या मधोमध,
भोक.

"बेन, आमां काणुं छे," ते आधीच म्हणाले.
म्हणजे भाव निम्मा.
मी भिंग लावलं.
वीज मंडळात मीटरचे आकडे उतरवायचे तेव्हापासून
मला आकड्यांआधी ओरखडे दिसतात.

दुर्मिळ दुर्मिळ म्हणतो आपण.
दुर्मिळ म्हणजे मुशीत जायचं राहून गेलेलं.
ऐंशी साली भाव चढला तेव्हा
याच पायरीवर लोक रांगेने बसले होते म्हणे,
पदकं, तोडे, फुटके करंडे
एकाच रुमालात.
जी वाचली ती कुणाच्या तरी विसरभोळेपणाने:
तांदळाच्या डब्यात,
किल्ली हरवलेल्या पेटीत.

हे मात्र विसरून नाही वाचलं.
हे कुणाच्या तरी गळ्यात होतं.
भोकाची वरची कड दोऱ्याने खोल गेलेली,
काठावर बारीक खळगे, सात-आठ, जवळजवळ.
कीर्तिभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"दूधना दांत."
असतील. किंवा नुसतं आपटलंही असेल.
पण त्यानंतर साहेबाकडे नीट बघता येईना:
एवढा दरबारी थाटाचा माणूस
कुणा शिवशिवत्या हिरड्यांच्या पोराच्या लाळेत
नाक घालवून बसलेला.

तोललं. बावीस ग्रॅम आठशे.
माझ्या यादीत अखंड नगाचं वजन तेवीस शंभर.
तूट तीनशे मिलिग्रॅम.
बरीचशी पोराने खाल्ली असं धरू.
उरली भोकातली.

ती सोनाराच्या पाटावर सांडली असणार,
पाटावरून सतरंजीवर, सतरंजीवरून केरात.
केर झारेकऱ्याने विकत घेतला असणार,
गटाराकाठी उकिडवं बसून
परातीत घोळवला असणार,
पाणी ओतत, गाळ सोडत,
आणि दिवस कलताना त्याच्या बोटाला लागला असणार
एका पुलाचा कण.
त्या दिवसाचं पीठ-मीठ सुटलं असेल का त्यात?
याची यादी कुणाकडेच नाही.

निम्म्या भावाला मी हो म्हटलं नाही,
थोडं वर दिलं.
कीर्तिभाईंनी नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
मग माझ्याकडे पाहिलं.

घरी वहीत उतरवलं: व्यास, वजन, साल.
'दोष' या रकान्यात: भोक, वर, सुबक.
लिहावंच लागतं, पुढच्याला फसवून चालत नाही.
दातांसाठी रकाना नव्हता.
ते मी समासात लिहिले, पेन्सिलीने.