वजनकाटा, सावदा

बत्तीस वर्षं केळीच्या गाड्या तोलल्या.
आधी भरलेली, मग रिकामी,
वजाबाकी पावतीवर.

डॉक्टर बऱ्हाटेंनी दोन रिपोर्ट शेजारी ठेवले:
"कोलेस्टेरॉल उतरलं, भंगाळे. झकास.
साखर मात्र चढलीय जराशी.
या गोळीनं चढते कुणाकुणाची.
तुमची तशी आधीच काठावर होती."

मग ढकललं कुणी?

"ते काट्यावर दिसत नाही," म्हणाले,
माझाच शब्द मला परत देत.
"गोळी सोडायची नाही."

सोडणार नाहीच.
वसंता एक्कावन्नचा होता. फैजपूर स्टँडवर
तिकिटाचे सुटे पैसे मोजता मोजता बसला खाली.
त्याची मूठ उघडायला दोघं लागले.

घरी न्हाणीजवळ घड टांगलेला,
वरची फणी पिवळी पडलेली.
प्रमिलानं न विचारता केळं मोडलं,
अर्धं मला, अर्धं स्वतःला.
"बसलं का वजनात?"

रात्री साडेनऊ. गोळी जिभेवर,
तांब्या जड लागतो हाताला.
कुणाची तरी गाडी रिकामी तोलायची राहिली
असं सारखं वाटतं, भो,
आणि पावती तर फाडून दिलेली.