उताणा उंदीर

मनगटाच्या डॉक्टरांनी सांगितलं, हात हलवू नका.
म्हटलं, नकाशे काढतो मी, रावपुऱ्याच्या कचेरीत,
हात न हलवता नदी कशी काढू?
ते हसले. चिठ्ठीवर पट्ट्याचं नाव लिहिलं
आणि खाली, वेगळ्या शाईत : ट्रॅकबॉल.

जांभळा गोळा,
आवळ्याहून मोठा, लिंबाहून लहान,
काळ्या बैठकीत रुतून बसलेला.
हेत्वी शेजारच्या टेबलावरून वाकली :
आ शुं, गुप्तेकाका? लखोटी?
आणि मुठीत धरून अख्खा फिरवला टेबलभर,
चहाच्या कपाला वळसा घालून थेट पंचिंग मशीनपर्यंत.
पडद्यावरचा बाण
होता तिथेच.

पहिले आठ दिवस मीही तेच केलं.
वीस वर्षांची सवय : कुठे जायचं असलं
की दंडासकट निघायचं.
टेबलाची कड आली की उचलायचं, मागे घ्यायचं, पुन्हा टेकवायचं.
विश्वामित्रीचं एक वळण काढायला अकरा उचली.
(मोजल्यात. दुखरा माणूस मोजतो.)
आणि अकरा उचलींच्या माझ्या नदीला
अकरा कोपरे.

जुन्या उंदरांच्या पोटात गोळी असायची,
करडी, रबरी, हाताला जड.
ट्रेनिंगच्या वर्गातून पोरं ती खिशात घालून न्यायची
आणि आम्ही मेलेले उंदीर ढकलत बसायचो दुपारभर.
तीच ही गोळी.
फक्त उंदीर उताणा केलाय,
आणि टेबल
सुटलं बिचारं.

सही उत्तम येत असून
चोपन्नाव्या वर्षी मी अंगठेबहाद्दर झालो.
आता हात पट्ट्यात पडून असतो
आणि अंगठा एकटा नदीकाठानं चालतो.
जरा ढकलला की गोळा आपल्या भारानं पुढे जातो,
थांबवायला पेराचं टोक पुरतं.
काळा घोड्याच्या पुलाखालून,
मग झाडी, मग ती जागा
जिथे कुणीतरी फिक्या पेन्सिलीनं 'मगर' लिहून
पुन्हा खोडलंय.
एकही उचल नाही.

शीट सत्तावीस कापडावर डकवलेली आहे.
कोण्या ट्रेसरची, नाव वाळवीनं खाल्लेलं.
त्याच्या नदीला सांधा नाही कुठे.
म्हणजे निब न उचलता काढली असणार त्यानं,
श्वास धरून.
स्कॅन करताना हे दिसलं नव्हतं.
अंगठ्याला कळलं.

मंगळवारी त्याच शीटवर
विहिरीच्या खुणेपासून एक निळा फाटा निघालेला दिसला,
बारीक, केसाएवढा.
मी निघालो त्याच्यामागून.
चिंचेचं झाड. बांध. परत एक बांध.
मग आजचा नकाशा खाली सरकवून पाहिला :
आमची सोसायटी.
बी विंग, तळमजला.
मागच्या पुरात पाणी ह्याच बाजूनं आत आलं,
बेल न वाजवता,
आणि चिखल काढताना मालविका म्हणाली होती,
वाट चुकलं असेल.

मी अंगठा उचलला.
गोळा थोडा पुढे गेला, सवयीनं,
आणि बाण
आमच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला.

बराच वेळ काहीच केलं नाही.
मग गोळा साफ करायला घेतला.
खालून बोट घातलं की तो टुपकन हातात येतो.
खाचेत तीन बारीक मणी, त्यांवर करड्या राखेसारखं काही,
माझ्याच अंगठ्याचं झिजलेलं कातडं.
काडीनं खरवडलं.
तांबडा दिवा उघडा पडला होता,
छताकडे टक लावून.

पती गयुं, काका? हेत्वीनं पर्स खांद्याला लावत विचारलं.
म्हटलं, नाही गं,
अजून थोडा फाटा राहिलाय.
बाण ओट्यापाशी थांबला होता.
गोळा शर्टाला पुसला,
खाचेत ठेवला.
टक्.