आईकडची ओळ

फेलोशिपच्या अर्जात विचारलं होतं,
बोट लागते का, उंचीची भीती आहे का,
हाडांच्या खोलीत रात्री एकटी बसाल का.
मराठी येतं का, हे कुणी विचारलं नव्हतं.
दीड वर्ष हाडं मोजल्यावर
त्यांनी मला दाभोळला धाडलं
कापसाच्या बारा काड्या देऊन.

(आई फोनवर: पर्मनंट करतील का गं शेवटी?)

ब्रह्मदेशातल्या एका उतारावर, बांबूच्या मुळांत
मांडीचं एक हाड, पितळी बटण,
आणि पत्र्याच्या थाळीमागे खिळ्याने कोरलेलं
धाकू पा
पुढचं गंजाने खाल्लं.
पालशेतकर, पालकर, पाष्टे.
पाष्ट्यांच्या वाडीत देवळाच्या पायरीशी फरशी होती:
लढाईवर गेले एकोणीस. परत न आलेले चार.
धाकू रावजी त्यातला तिसरा.

पुतण्याची मुलं जमली, आ करून रांगेत उभी.
मी म्हटलं, तुमचं चालणार नाही.
एवढ्या जुन्या हाडात टिकतं ते आईकडून आलेलं.
बहीण होती का त्याला?
होती की.
नाव?
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं,
मग माडांकडे.
सातबारा निघाला, त्यात ती नव्हती.
वंशावळ निघाली, अकरा पिढ्या, सगळे पुरुष,
जणू एकमेकांच्या खांद्यातून फुटलेले.
पलीकडे दिली होती, एवढं एकजण म्हणाला.

पलीकडे म्हणजे फेरीबोटीने दहा मिनिटं.
धोपाव्यात तीन दिवस विचारत हिंडले.
कुणाची सरस्वती, कुणाची पार्वती,
ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेली
आणि त्यावरच थांबलेली नावं.
चौथ्या दिवशी काजूच्या कारखान्यात
सुगंधा डिंगणकर, बी फोडता फोडता, वर न बघता:
आज्येला म्हायेरी ठकी म्हणत.
भाऊ लढाईत गेलेला तिचा.
भाऊबीजेला आधी चंद्राला ओवाळायची,
मंग आमच्या हातावर करंजी.

बोटं काळी, चिकाने सोललेली.
रेशनचं मशीन ठसा घेत न्हाय, ती हसली,
दर म्हयन्याला मी मीच हाय ते पटवायला लागतं.
मी काडी तिच्या गालात आतून फिरवली,
दहा वेळा, मोजून.
तिने डोळे मिटले नाहीत.

नळीवर फक्त नंबर. नाव घालायला मनाई आहे.
घरखर्चाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं,
ठकी रावजी पाष्टे,
आणि वर्ष माहीत नाही म्हणून जागा सोडली.

निकालाला सात महिने. जुळेलच असं नाही.
हे तिला सांगितलं, सांगायचा नियमच आहे.
ती धक्क्यापर्यंत आली, हात पुसायचा फडका खांद्यावर.
घावला तर कळव, म्हणाली.
बोटीने भोंगा दिला, फळी उचलली.
मग मागून, ओरडून:
न्हाय घावला तरी कळव.